देवाचे खुंट

सगुणभाई कुणाच्याही घरी सत्यनारायणाला आले की आधी देवाला नमस्कार करायचे नाहीत. आधी चौरंगाभोवती एक फेरी मारायचे आणि चारही पायांना बांधलेले केळीचे खुंट बघायचे. एखादं पान दोरीखाली चेपलेलं दिसलं की सरळ आत हात घालून ते सोडवायचे. पूजा कुठवर आली आहे, भटजी काय सांगताहेत, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. यजमान हातात पळी घेऊन पाणी सोडतोय आणि सगुणभाईंचा हात त्याच्या कानाजवळून पानाकडे चाललाय, हे दृश्य आमच्या वाड्यावरच्या कुठल्याच घराला नवीन नव्हतं. सगळं मनासारखं झालं की दोन पावलं मागे सरून म्हणायचे, "आता दिसता बरां." मग नमस्कार. तो देवाला असायचा की खुंटांना, यावरून बायकांत चेष्टा चालायची.

खुंट त्यांचेच असायचे म्हणून हा अधिकार. लाटंबार्शात आमच्या वाड्याच्या खालच्या अंगाला ओहोळाकाठी त्यांचं कुळागर होतं. वर माड, मध्ये पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, आणि सगळ्यांच्या पायांतून फिरणारा पाण्याचा पाट. सत्यनारायणाला चौरंगाला बांधायची केळीची चार लहान झाडं डिचोलीच्या बाजारात विकत मिळतात. आमच्या वाड्यावर ती कुणी कधी विकत आणली नाहीत. पूजा ठरली की सगुणभाईंच्या कानावर घालायचं. आदल्या दिवशी उन्हं उतरली की ते स्वतः कुळागरात जायचे, झाडं निवडायचे, कोयत्याने तिरकी तोडायचे, पानं सोपाच्या, म्हणजे केळीच्या बुंध्याच्या सालीच्या, दोरीने हलकेच बांधायचे आणि चारही खुंट उजव्या खांद्यावर टाकून तुमच्या दारात आणून ठेवायचे. केळीचा चीक कपड्यावरून कधी जात नाही. त्यांच्या झाडून सगळ्या सदऱ्यांच्या उजव्या खांद्यावर तपकिरी डाग असायचा. लग्नाला घालायच्या पांढऱ्या सदऱ्यावरसुद्धा.

मी पार्शाहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा आमच्या पूजेचे खुंट त्यांनी असेच आणले होते. मी नवी नवरी, माहेरच्या शिकवणुकीप्रमाणे म्हटलं, "भाई, तुमचे खुंट फार छान आहेत." ते एकदम गंभीर झाले.

"माझे कित्याक म्हणतंस गो बाय? देवाचे आसत ते."

हे ते सगळ्यांनाच म्हणायचे. खाणीवरचे एक साहेब त्यांच्या ऑफिसातल्या पूजेसाठी जीप घेऊन आले आणि पाकीट पुढे केलं, तर सगुणभाईंनी खुंट दिले, पाकीट परत केलं आणि वर सुनावलं, "देवाच्या वस्तूची किंमत करणारो मी कोण?" ते वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे दोन-तीन महिने आम्ही ते वरचेवर ऐकत होतो. दिलेलं सांगायची त्यांना हौस होती, हे मी लपवणार नाही. पण हौस असो की काही असो, देणारा माणूस होता. वाड्यावरचं एकही देवकार्य त्यांच्या खांद्यावरच्या डागाशिवाय पार पडलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना जन्मात जमली नाही. "चुकलो" हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. माझे सासरे एकदा पाटाचं पाणी वळवत होते. आपल्या पाळीला पाणी कमी येतंय असं वाटून सगुणभाई दगडी गडग्यापलीकडून ओरडले, "तुमी पाणी चोरतास!" सासरे काम टाकून घरी आले. दुसऱ्या दिवशी कळलं की खेकड्याने बांधाला भोक पाडलं होतं आणि पाणी तिथून जात होतं. मला वाटलं आता भाई येतील, दोन शब्द बोलतील. कोणी आलं नाही. सकाळी दार उघडलं तर आमच्या सोप्यावर रसबाळी केळ्यांची एक मोठी फणी ठेवलेली. सासूबाईंनी ती उचलली, स्वयंपाकघरात टांगली आणि म्हणाल्या, "सगुण चुकलो तो." सासऱ्यांनी दुपारच्या जेवणावर एक केळं खाल्लं आणि प्रकरण मिटलं.

पुढे मला ही भाषा कळायला लागली. ज्याच्या दारात फणी, त्याच्याशी सगुणभाईंचं काहीतरी बिनसलेलं असायचं आणि चूक त्यांची असायची. घरीसुद्धा हीच तऱ्हा. त्यांची बायको लक्ष्मीवैनी मला गडग्यापाशी हसत सांगायची, "दुसऱ्यांचे घोव चुकले तर गप रवतत. माझो केळीं पिकयता."

खाणी जोरात चालू होत्या ते दिवस. त्या वर्षी पावसाच्या तोंडाला सगुणभाईंच्या कुळागराच्या खालच्या कोपऱ्यात, ओहोळालगत, काही केळी बुटक्या राहिल्या. कमरेएवढ्या वाढल्या आणि थांबल्या. पानं अरुंद, ताठ, सगळी शेंड्याशी गच्च दाटलेली, केरसुणी उलटी धरावी तशी. एकीलाही केळफुलाचा कोका आला नाही. दुसरा कुणी असता तर काळजीत पडला असता. सगुणभाईंनी मला गडग्यापाशी हाक मारली आणि अभिमानाने दाखवली.

"बघ गो, देवान कशी चौरंगाच्या मापाची धाडल्यानी!"

त्यांच्या आनंदाला कारण होतं. आमच्याकडची घरं बसकी. नेहमीचे खुंट उंच व्हायचे, पानं वर आढ्याला टेकून खाली वाकायची आणि दर पूजेला एखादं पान भटजींच्या डोक्यावर नाहीतर तीर्थाच्या भांड्यात यायचं. हे बुटके खुंट मात्र चौरंगाशेजारी आज्ञाधारक उभे राहायचे. श्रावणभर घरोघरी तेच गेले. आमच्याकडेही. भटजी तर खूश झाले. म्हणाले, "सगुणा, औंदा माझ्या डोक्यार पान नाय पडणां. असेच दी दर वर्सा." सगुणभाईंनी मान तिरकी करून ती स्तुती घेतली. चवथीला मखराला तेच, तुळशीच्या लग्नाला वृंदावनाभोवती तेच.

आमच्या पूजेच्या दिवशी चौरंगावरून मुंग्यांची ओळ चालली होती. सासूबाईंनी फडक्याने पुसली. खुंटाच्या सोपाच्या आत, पान जिथून फुटतं तिथे, काळपट बारीक ठिपके होते. चुलीची काजळी असेल म्हणून त्यांनी तेही पुसले. जेवढे दिसले तेवढे.

पूजा झाली की खुंटांचं काय करायचं, याची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. देवाला लागलेली वस्तू पायदळी येऊ नये, उकिरड्यावर पडू नये. म्हणून खुंट परसात नेऊन घरच्या केळीच्या बुंध्याशी ठेवतात. प्रत्येकाच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर केळीची चार-दोन बेटं असतातच. तिथे ते देवाचे खुंट टेकवायचे, हात जोडायचे आणि घरात यायचं. आम्हीही तेच केलं. सगळ्यांनी तेच केलं.

वर्ष फिरलं आणि वाड्यावरच्या केळी बिघडल्या. आधी एखादं बेट, मग शेजारचं. नवं पान वर यायचं ते आखूड, ताठ, पिवळ्या कडेचं. पानं एकमेकांत दाटायची आणि झाड तिथेच अडायचं. घड नाही, कोका नाही. कुणी म्हणालं दिष्ट लागली, कुणी म्हणालं पाणी बाधलं. सगुणभाईंनी निकाल देऊन टाकला की खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ पानांवर बसते आणि केळीचा श्वास कोंडतो. केळीतलं त्यांना कळतं हे सगळ्यांना मान्य होतं, त्यामुळे धूळ सगळ्यांना पटली. ते दर माणसाला थांबवून हेच सांगत होते. आज ते आठवलं की त्यांच्या वतीने मलाच चोरट्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त गेलं ते मोगराबायचं. वाड्याच्या शेवटाला तिचं घर. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. घरामागच्या तुकड्यात तिने केळीच लावल्या होत्या आणि डिचोलीच्या आठवड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. बाकीच्यांची केळी परसातली होती, गेली तर गेली. मोगराबायची चूल त्यावर चालायची. चवथीच्या आरतीला सगळे जमले असताना ती कुणाला तरी सांगत होती की माझ्या निम्म्याहून जास्त केळी वाया गेल्या. सगुणभाईंनी ते ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "केळीक जीव लावचो लागता, मोगरा. तू सगळो दीस बाजारात बसतंस. केळ रुसतली नाय तर काय करतली?"

मोगराबायने आपलं ताट उचललं आणि आरती व्हायच्या आधी घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या सोप्याकडे नजर टाकली. फणी नव्हती. आपण चुकलो असं सगुणभाईंना वाटलंच नव्हतं.

मोगराबाय गप्प बसणारी नव्हती. पुढच्या बाजाराला जाताना तिने रोगट पान गुंडाळून टोपलीत घातलं आणि डिचोलीच्या शेतकी ऑफिसात नेऊन टेबलावर पसरलं. चार दिवसांनी शेतकीच्या मॅडम आल्या. वयाने लहान, बोलायला मऊ, पेडण्याच्या. मोगराबायच्या अंगणात वाडा जमला. सगुणभाई अगदी पुढे, हाताची घडी घालून उभे. परीक्षा घ्यायला आल्यासारखे.

मॅडमनी एक पान तोडलं आणि उन्हावर धरलं. देठावर आणि शिरेला लागून गडद हिरव्या तुटक तुटक रेघा दिसत होत्या. कुणीतरी टाके घालत गेल्यासारख्या. "ही धूळ नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो विषाणूचो रोग. आणि तेका आणणारो हंय आसा." त्यांनी बुंध्याचा एक सोप नखाने अलगद सोडवला. आत काळपट बारीक किडे दाटीवाटीने बसले होते आणि त्यांच्यामधून मुंग्या फिरत होत्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काजळीच ती.

"इतकोसो किडो?" सगुणभाई म्हणाले. "हो एवढ्या झाडाक काय करतलो?"

"तो काय करणा नाय, काका. ह्यो मावो. नुस्तो रस पिता. पण रोगी झाडाचो रस पिलो की रोग तेच्या पोटात रवता. मगे तो बऱ्या झाडार जाऊन बसता, सोंड खुपसता, आणि रोग थंय सोडता. तेका सोताक काय जायना. झाड मरता."

सगुणभाई सोपाकडे वाकून बघत राहिले. मॅडम पुढे बोलत होत्या. "पंख फुटलेलो मावो वाऱ्यान जाता, पण लांब जायना. मुंग्यो थोडो इकडसून तिकडे व्हरतत. पण एका वर्सात इतक्या घरांत? म्हणजे कोणीतरी रोगी झाडां घरोघर नेली आसतली. नवे कोंब लायले काय कोणी?"

कोणी लावले नव्हते. मॅडम केळीच्या बेटाभोवती फिरायला लागल्या आणि थांबल्या. बुंध्याशी यंदाच्या पूजेचे वाळलेले चार खुंट टेकवून ठेवलेले होते, अजून सोपाची दोरी बांधलेले. त्यांनी एक उचलला. वाळल्यावरसुद्धा पानांचा शेंड्याशी दाटलेला गुच्छ ओळखू येत होता.

"हे खंयचे?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. माझ्या बाजूच्या बायकाही खाली बघत होत्या. शेवटी भटजी चाचरत म्हणाले, "ते... ते देवाचे."

मॅडमना काय माहीत! त्या हसल्या. "आणि देवाक असले रोगी खुंट दिल्यात गो तुमी?"

दुसऱ्याची लाज आपल्याला इतकी वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. अंगणातल्या एकानेही सगुणभाईंकडे पाहिलं नाही, आणि कुणी पाहिलं नाही यावरूनच त्यांना समजलं असणार की सगळ्यांना समजलंय. त्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला आणि डागावर काहीतरी लागल्यासारखं चोळत राहिला. एक शब्द बोलले असते तर तिथेच संपलं असतं. ते वळले आणि गडग्याकडेने निघून गेले.

खरं महत्त्वाचं मॅडमनी त्यानंतर सांगितलं. रोगी झाड बरं होत नाही, ते गड्ड्यासकट काढायलाच हवं. पण आधी मावा मारायचा. शेंड्याच्या पोंग्यात आणि सोपांत औषध मारा, ते नसलं तर रॉकेल ओता, किडे मेले याची खात्री करा, आणि मग कोयता लावा. "आदीं मावो, मगे झाड," त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. "आदीं झाड तोडलां तर रस सुकता. मावो उपाशी रवता आणि उठान बाजूच्या बऱ्या झाडार जाता. मगे तुमीच तेका धाडलो म्हणाचो." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगुणभाई तोवर ओहोळापर्यंत पोचले होते.

दुपारी जेवून पडलो होतो तर कुळागरातून कोयत्याचे घाव ऐकू यायला लागले. मी गडग्यापाशी गेले. बनियनवर, घामाने निथळत, सगुणभाई ती बुटकी झाडं तोडत होते. एकामागून एक, थांबतच नव्हते. तोडायची आणि ओहोळाच्या काठावर फेकायची. जणू ती दिसेनाशी झाली की कधी नव्हतीच असं होणार होतं.

"भाई, मॅडम सांगत होत्या, आधी..."

"कळलां गो माका!" ते मान न वळवता ओरडले. "सगळां कळलां!"

मी पुन्हा हाक मारली. त्यांनी पाठ फिरवली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन तोडायला लागले. लाजेने माणसाला ऐकू येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या कुळागरातल्या मधल्या ओळी गेल्या. उंच, धडधाकट सालदाटी जातीच्या केळी, ज्यांना काही झालं नव्हतं, त्यांचीही पानं आखडली. मग रसबाळी. लक्ष्मीवैनी गडग्यापाशी आली, पण हसली नाही. म्हणाली, "घरात पिकवचाक एक केळां नाय गो बाय." आणि पदराने डोळे पुसले.

त्यांना कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आमच्या वाड्याने त्यांना मनातल्या मनात माफ केलं होतं. पण ते त्यांना सांगायला कुणी गेलं नाही, कारण माफ केलं म्हणायचं तर आधी चूक तुमची होती असं म्हणावं लागलं असतं. म्हणून आम्ही चांगुलपणाने गप्प राहिलो. श्रावण आला तेव्हा चौरंगाला कुणी उसाची कांडी बांधली, कुणी आंब्याच्या डहाळ्या. ते बघायला सगुणभाई आले नाहीत. आमंत्रण करायला गेलं की आतून "येतंय, येतंय" म्हणायचे, आणि प्रसाद न्यायला लक्ष्मीवैनी एकटी यायची. वाड्यावरच्या वाटेने चालणंही त्यांनी सोडलं. बाजाराला जायचं तर ओहोळाकाठच्या निसरड्या वाटेने लांबून जायचे. पंधरा पावलांवर राहणारा माणूस मला महिनोन्महिने दिसला नाही.

मॅडम पुन्हा आल्या. खात्याकडून निरोगी रोपं मिळणार होती, पण अट एकच. वाड्यावरची जुनी केळी, रोगी आणि बरी दिसणारी, सगळी आधी निघाली पाहिजे. एका परसात जरी रोग राहिला तर मावा तो पुन्हा घरोघर पोचवणार. सगळे तयार झाले. मोगराबाय सोडून.

तिच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला अजून काही बेटं घड देत होती. त्यांवरच तिचं चाललं होतं. आम्ही बायका समजवायला गेलो. ती टोपली विणत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माका सगळ्यांसमोर सांगलां, केळीक लक्ष नाय म्हणान. आता तोच मनीस येऊन सांगूं दे, लक्ष कोणाचां नव्हतां तां. मगे काडतंय."

हा निरोप सगुणभाईंना पोचला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीवैनी खाली मान घालून मोगराबायच्या सोप्यावर आली आणि केळ्यांची एक फणी ठेवून उभी राहिली. मोगराबायने फणी उचलून फिरवून पाहिली. केळ्यांत आयुष्य गेलेली बाई ती.

"ही हंयची नाय. बाजारातली इकतची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागत होतं. "व्हर परत. केळीं नकोत माका. तेंका तोंड घेवन येवंक सांग."

लक्ष्मीवैनी फणी पदराखाली झाकून परत गेली. तो रस्ता तिने कसा कापला असेल, तिलाच ठाऊक.

मग रविवारी सकाळी ते आले. मी मोगराबायकडेच होते, पुन्हा एकदा समजावून बघावं म्हणून. सगुणभाई ओहोळाच्या वाटेने न येता सरळ वाड्यातून, सगळ्यांच्या दारांवरून चालत आले. तुळशीपाशी थांबले. खूप वाळले होते. हात रिकामे होते आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. एकदा मागे बांधले, एकदा पुढे घेतले. मी उठून जायला लागले तर मोगराबायने नजरेनेच मला बसवलं.

"मोगरा," ते म्हणाले. तुळशीच्या कठड्यावर एक हात टेकवला. "ते खुंट देवाचे नव्हते गो. माझे."

मोगराबाय बघत राहिली.

"तू तुझी केळ बरी बघी होतंस. म्यां मारली." आणि मग तो शब्द, जो त्यांच्या बायकोनेही कधी ऐकला नव्हता. "चुकलंय मी."

मोगराबाय उठली आणि आत गेली. मला वाटलं ती दार लावून घेते की काय. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात कोयता होता आणि दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली. सगुणभाईंनी सवयीने कोयत्याकडे हात केला. तिने त्यांच्या हातात बाटली दिली.

"आदीं ह्यां. कोयतो मगे."

"आदीं?"

"आदीं मावो मारूचो, मगे झाड. नाय तर मावो उठान बऱ्या झाडार जाता. मॅडम सांगत होती. तुमी गेल्यात तेवां."

सगुणभाई बाटली धरून उभे राहिले. तोवर त्यांना हे माहीतच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांची नजर वाड्याच्या खालच्या अंगाला, कुळागराकडे गेली. "म्हणजे माझ्यो मधल्यो ओळी..." एवढंच म्हणाले आणि थांबले. रोगी झाडं त्यांनी अजाणता घरोघर वाटली होती. बरी झाडं मात्र त्या दुपारी त्यांनी लाजेपोटी आपल्या हाताने मारली होती. तोंड लपवायला गेले आणि त्यात सगळं कुळागर गेलं. माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

मोगराबायने सोप वेगळे करून धरले आणि ते पोंग्यात रॉकेल ओतत गेले, ती सांगेल तसं, ती सांगेल तेवढं. दुपारपर्यंत दोघं काम करत होती.

नवी रोपं आली, लागली, आणि वाड्यावर पुन्हा केळीचे घड दिसायला लागले. काही वर्षांनी खुंटही पूर्वीसारखे सगुणभाईंच्याच कुळागरातून यायला लागले, कारण दुसरीकडून आणायची आम्हाला सवयच नव्हती. आता ते प्रत्येक सोप उलगडून, चष्मा लावून बघायचे आणि मगच झाड तोडायचे. पूजेला आले तर दाराशी बसायचे. चौरंगाभोवती फेरी मारायचं त्यांनी कायमचं सोडलं. भटजी मुद्दाम म्हणायचे, "सगुणा, बघ रे, बरे बांधल्यात मां?" तर हे बसल्या जागेवरून हात जोडायचे.

आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर असायचे. खुंट परत न्यायला. परसात, केळीच्या बुंध्याशी ते कुणाला ठेवू द्यायचे नाहीत. स्वतः सोडवायचे, घरी नेऊन रॉकेल शिंपडून जाळायचे. रोग कधीच गेला होता, मॅडमही बदलून गेल्या होत्या. तरी वाड्यावरचं एकही घर त्यांनी सोडलं नाही. ज्या दारांत ते ताठ मानेने द्यायला जायचे, त्याच दारांत आता दिलेलं मागायला उभे राहायचे. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारा फारच चिकट दिसतो, खुंटसुद्धा परत नेतो. त्या तसं बोलायच्याही. ते ऐकून घ्यायचे, खुलासा करायचे नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच दारात. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले. श्रावणातली पूजा आदल्या दिवशी झाली होती. पाऊस उघडला होता. काठी टेकत टेकत ते पायऱ्या चढून आले आणि धाप लागून सोप्यावर बसले. मी पाणी दिलं. चौरंगाशी जाऊन ते दोरीच्या गाठी सोडायला लागले तर गाठ सुटेना. मला बघवेना.

"राहू दे ना भाई," मी म्हटलं. "निरोगी आहेत ते. आणि आम्ही जाळतो की. तुम्ही कशाला एवढं ओझं नेता?"

त्यांनी गाठ सोडवली. चारही खुंट गोळा केले आणि खांद्यावर घेतले. ओझ्याने किंचित वाकले.

"नाय गो बाय," ते म्हणाले. "माझे आसत ते."

एका हाताने खुंट आणि एका हाताने काठी सावरत ते पायऱ्या उतरले आणि वाड्यातल्या वाटेने, सगळ्यांच्या दारांवरून, घरी गेले.